यादीबाहेरच्या मुलांचे काय?

प्रति,
लातूर आणि नांदेड येथील आडते, दालमिलमालक, बिल्डर, दवाखाने आणि क्लासेस चालवणारी मंडळी, यांस



नीटचा निकाल लागला की तुमच्या दोन्ही शहरांतले चौक मुलामुलींच्या फोटोंनी भरून जातात. लातूरचा औसा रोड असो की नांदेडचे भाग्यनगर, फ्लेक्सवर मुलाचे नाव लहान, गुण त्याहून मोठे आणि क्लासचे नाव सगळ्यांत मोठे. तक्रार त्याबद्दल नाही. मुले हुशार आहेत, शिक्षक राबतात, आईबाप सोयाबीनची पट्टी हातात पडली की तशीच फीच्या खिडकीवर नेऊन देतात आणि निकाल लागतो. निजामाच्या राज्यात शाळेसाठी तडफडलेल्या या मुलखातून दरवर्षी इतके डॉक्टर निघावेत, याचे कौतुक कोणालाही वाटेल.

हे पत्र मात्र त्या फ्लेक्सवर ज्यांचा फोटो कधीच येणार नाही, अशा मुलांबद्दल आहे. आणि अशा मुलांसाठी चालता धंदा सोडून उठलेल्या, तुमच्याच जातकुळीच्या एका धंदेवाल्या माणसाबद्दल.

शांतिलाल मुथ्था हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. मूळचे बीड जिल्ह्यातले. पुण्यात गेले, बांधकाम व्यवसायात उतरले, पैसा मिळवला आणि वयाच्या ३१ व्या वर्षी व्यवसायातून बाजूला झाले. १९८५ साली त्यांनी भारतीय जैन संघटना स्थापन केली. सुरुवातीचे काम समाजापुरते होते: हुंडा, लग्नांतली उधळपट्टी, सामुदायिक विवाह. अशा कामांत गावोगावचे व्यापारी भेटतात, त्यांच्याशी ओळखी होतात, एका निरोपावर माणसे आणि मदत गोळा करता येते. मुथ्थांच्या हाती आठ वर्षांत असे एक जाळे तयार झाले होते. त्याचा खरा उपयोग कशासाठी होणार आहे, हे तेव्हा कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

वयाचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे दानधर्माचे वय साधारण साठीनंतरचे. मुले मार्गी लागली, दुकान धाकट्याकडे दिले, गुडघे कुरकुरू लागले की माणूस ट्रस्टी होतो. तोवर शिक्षणसंस्थेला दिलेला चेक ही त्याची हजेरी. ३१ हे वय धंद्यात नुकता जम बसण्याचे. त्या वयात थांबायचे म्हणजे पुढच्या तीस वर्षांची कमाई नाकारायची. मुथ्थांनी पैसा किती दिला याचा हिशेब मांडायचा झाला तर न मिळवलेल्या पैशापासून सुरुवात करावी लागेल. ही रक्कम कोणत्याही पावतीवर येत नाही आणि तिच्यावर प्राप्तिकरात सूटही मिळत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्हांला सांगायला नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. तीन वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. सास्तूर, मंगरूळ, एकोंडी, तळणी, पेठसांगवी ही नावे त्यानंतर देशभर गेली. दगड आणि मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी पाट्यांवर मातीचे थर चढवलेले माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहावे, पावसाळ्यात गळू नये म्हणून दर दोनचार वर्षांनी वर नवी माती पडायची आणि छपराचे ओझे वाढत जायचे. ते ओझेच झोपलेल्या माणसांवर आले. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास मृतांचा. गावातले लोक आजही दहा हजार म्हणतात. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली.

त्यानंतरचे दोन महिने या भागाने मदतीचा पूर पाहिला. ट्रक भरभरून कपडे आले, भांडी आली, ब्लँकेटे आली. गावांच्या वेशीवर जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. घरे कोणी बांधायची, कोणत्या कंपनीने कोणते गाव दत्तक घ्यायचे याची वाटणी झाली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. या सगळ्यात एक प्रश्न कोणाच्याच यादीत नीट बसत नव्हता. ज्यांचे आईबाप गेले, किंवा राहिलेला एकजण स्वतःच कोलमडला आहे, त्या मुलांचे करायचे काय? घर बांधून देता येते, त्याला तारीख असते, उद्घाटन असते. दहा वर्षांच्या पोराची जबाबदारी घेतली की पुढची दहा-बारा वर्षे तिचे उद्घाटन होत नाही.

मुथ्थांनी ती घेतली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली १,२०० मुले भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे पुणे-नगर रस्त्यावर वाघोलीला त्यांच्यासाठी निवासी शैक्षणिक संकुल उभे राहिले. ही मुले तिथे राहिली, शाळा शिकली, त्यांतली कित्येक पदवीपर्यंत पोचली.

१,२०० हा आकडा तोंडाने म्हणायला सोपा आहे. वसतिगृह चालवलेल्या कोणालाही विचारा. १,२०० मुलांना रोज दोन वेळा जेवायला घालायचे म्हणजे मोंढ्यातल्या मध्यम दुकानाइतका धान्याचा उठाव. शिवाय वह्या, चपला, ताप, खरूज, परीक्षा, पहाटे दचकून उठणारी मुले, सणाला गावाकडची आठवण, वयात येणाऱ्या मुली, पळून जाऊ पाहणारे मुलगे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा ते चालवण्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र विकावे लागले होते, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. त्या गोष्टीत त्याग दिसतो म्हणून ती लक्षात राहते. कर्मवीर स्वतः किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकत हिंडले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. माल खपवायला दहा गावे फिरलेल्या माणसाला कोणत्या गावातले कोणते पोर शाळेबाहेर आहे हे आपोआप कळते. धंद्याचे शहाणपण शिक्षणाच्या उपयोगी पडते ते असे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या १,२०० मुलांची निवड कशी झाली? गुणांवर झाली नाही. त्यांची प्रवेशपरीक्षा घेतली गेली नाही. घर पडले होते, माणूस गेले होते, एवढी पात्रता पुरली. गणितात कच्चा असलेला मुलगा आणि पहिला येणारा मुलगा एकाच ट्रकमधून आणि एकाच कारणासाठी गेले.

तुमच्या शहरांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी शिक्षणपद्धत उभी केली, तिचा पाया नेमका याच्या उलट आहे. लातूर पॅटर्नची ताकद निवडीत आहे. दहावीला चांगले गुण असलेली मुले गोळा करायची, त्यांच्याकडून अकरावी-बारावीत घाण्याला जुंपल्यासारखा अभ्यास करून घ्यायचा, सराव परीक्षांवर सराव परीक्षा घ्यायच्या. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी यात जी शिस्त आणली ती खरी होती. लातूरचे नाव राज्यभर झाले ते काही उगाच नाही. पण निवड करणाऱ्या पद्धतीला एक मर्यादा जन्मजात असते. तिच्या दारात पोचण्यापूर्वीच जो गळतो, तो तिला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, गरिबांसाठी आम्ही शिष्यवृत्ती परीक्षा घेतो, पहिल्या शंभरांना फी माफ करतो. करता, हे खरे आहे. पण या माफीतून पहिल्या शंभरांतला मुलगा तुमच्या क्लासला मिळतो आणि दोन वर्षांनी त्याचा फोटो फ्लेक्सवर येतो. त्याला दान म्हणावे की जाहिरातीचा खर्च, हे तुमच्या हिशेबनिसाला विचारा. जो निवडला गेला नाही त्याच्यावर यातला एक रुपयाही पडत नाही. २०२४ साली नीटच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचे नाव देशभर चर्चेत आले तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. निकालालाच सगळी किंमत आली की निकाल विकत घेणारे आणि विकणारे उगवतात, हे व्यापाऱ्यांना इतरांपेक्षा आधी कळायला हवे होते.

गंमत अशी की लातूरच्या ज्या महाविद्यालयाने पॅटर्नला नाव मिळवून दिले, त्याला नाव शाहू महाराजांचे आहे. १९७० साली ते सुरू झाले. संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे, जे पुढे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक जातीजमातींसाठी वसतिगृहे काढली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जाती, ज्याला ज्याला राहायला जागा नव्हती त्याला जागा. हुशार मुलगा कोण, हे नंतर बघू. आधी मुलगा शहरात राहू शकला पाहिजे, असा तो विचार होता. महाराजांचे नाव आपण घेतले, वसतिगृहे कोल्हापुरातच राहिली.

मुथ्थांच्या कामावर आक्षेप घेता येतो आणि घ्यायलाही हवा. मुलांना गावापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर नेणे बरोबर होते का? ज्याचे घर गेले, त्याचे गावही काढून घ्यायचे? जिथे आजी आहे, चुलता आहे, शेताचा तुकडा आहे, तिथून मूल उचलले की त्याची मुळे तुटतात. शिवाय जमिनीवरचा हक्कही सैल पडण्याची भीती असते. आपत्तीनंतर मुलांना शक्यतो नातेवाइकांजवळच ठेवावे, असे आता बालकल्याणाचे जाणकार सांगतात. आक्षेप खरा आहे. पण १९९३ च्या ऑक्टोबरात सास्तूर-किल्लारी परिसरात पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या चुलत्याकडे स्वतःची तीन आणि भावाची दोन लेकरे होती. त्या पाचांतल्या कोणाची शाळा सुटली असती आणि कोणाच्या हातात शेळ्या आल्या असत्या, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. जवळ चांगली सोय असती तर दूर न्यायची गरज पडली नसती. हा आक्षेप शेवटी तुमच्यावरच येतो: एवढी मुले पुण्याला का न्यावी लागली? लातूर-नांदेडात ती राहतील असे एक ठिकाण तेव्हा का निघाले नाही?

वाघोलीचे दार भूकंपाच्या मुलांपुरते उघडले आणि मग बंद झाले, असेही घडले नाही. १९९७ पासून मेळघाटातल्या आणि ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांना तिथे आणले. पुढे मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुले आली. इथेही निवडीचा निकष तोच, ज्याच्यावर घाव पडला आहे तो. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर संघटनेने कच्छ आणि आसपास ३६८ शाळा काही महिन्यांत उभ्या केल्या. बांधकाम व्यवसायात मुरलेल्या माणसाला माल, मजूर आणि मुदत यांचे गणित जमते. पडलेल्या शाळेच्या जागी मुलांना वर्षभर झाडाखाली बसवू नये, एवढ्यासाठी त्याने ते गणित वापरले.

शिक्षणाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत महत्त्वाचे वळण २००९ चे आहे आणि त्याचीच चर्चा कमी होते. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू झाला. गटाने बसणे, एकमेकांचे ऐकणे, खेळातून आणि गप्पांतून समता, न्याय, बंधुता या घटनेतल्या मूल्यांची सवय लागणे, असे त्याचे रूप. शिक्षकांचे प्रशिक्षण, मुलांसाठी उपक्रम पुस्तिका, केंद्रप्रमुखापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना सोबत घेणे. पुढे राज्य शासनाबरोबर तो राज्यभरातल्या जिल्हा परिषद शाळांत गेला. मूल्ये अशी पुस्तिकेने शिकवता येतात का, यावर वाद होईल. सरकारी कार्यक्रम होताच त्याला जी तक्ते भरण्याची कळा येते, ती यालाही कुठे कुठे आली असणारच. तरीही दिशा बघा. या माणसाकडे जागा होती, नाव होते, मुख्यमंत्र्यांपर्यंत पोच होती. विनाअनुदान धोरणानंतर, म्हणजे १९८३ पासून, महाराष्ट्रात ज्यांच्याकडे या तीन गोष्टी होत्या त्यांनी इंजिनीअरिंग कॉलेजे काढली, मग मेडिकल, मग अभिमत विद्यापीठे. शिक्षणसम्राट हा शब्द आपल्याच राज्यात जन्मला. मुथ्था मात्र खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या तिसरीच्या वर्गात गेले. तिथे फी नाही, देणगी नाही, कोनशिला लावायला भिंतही आपली नाही.

१,२०० मुले थेट सांभाळली, ३६८ इमारती उभ्या केल्या, आणि शेवटी दुसऱ्याच्या वर्गात शिक्षकाच्या मागे उभे राहिले. प्रत्येक पावलाला त्यांचे स्वतःचे नाव मागे सरकत गेले आणि पोचणाऱ्या मुलांची संख्या वाढली. अझीम प्रेमजी यांनी २००१ साली स्थापन केलेल्या फाउंडेशननेही सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर काम करण्याचा हाच रस्ता धरला, आणि तिथे तर पैशाला तोटा नव्हता. दोघांनाही हिशेब कळत होता. गरिबाचे मूल ज्या शाळेत आहे, ती शाळा सुधारली तरच आकडा मोठा होतो.

पैसा देऊन मागे कसे सरकावे, याचा जुना नमुना अमेरिकेत सापडतो. ज्युलियस रोझेनवाल्ड हा शिकागोचा व्यापारी, सिअर्स, रोबक या पोस्टाने माल विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांना धड शाळा नव्हत्या. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने त्याने तिथे शाळा बांधायला मदत सुरू केली आणि १९३२ साली तो वारला तोवर ही संख्या पाच हजारांच्या घरात गेली होती. त्याची अट अशी की सगळा पैसा तो देणार नाही. गावातल्या काळ्या कुटुंबांनी वर्गणी, लाकूड किंवा श्रम द्यायचे, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिक्षण मंडळानेही आपला वाटा उचलून शाळा चालवायची. म्हणजे जे मंडळ या मुलांकडे बघतही नव्हते, त्याला बघायला लावायचे. आणखी एक अट त्याने स्वतःच्या निधीलाच घातली होती: आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत सगळी रक्कम, मुद्दलासकट, खर्चून टाका. विश्वस्तांनी ती १९४८ मध्येच संपवली. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा ट्रस्ट, त्यावर मुलगा, सून, नातू, ही कल्पना त्याला पसंत नव्हती. आपल्याकडच्या विश्वस्त मंडळांची आडनावे वाचून पाहा म्हणजे फरक कळेल.

नाव लावायला हरकत आहे असेही नाही. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि आईचे नाव लावायला सांगितले. आज एसएनडीटी म्हणताना किती जणींना नाथीबाई आठवते? पण त्या नावाखाली लाखो मुली शिकल्या, त्यामुळे नावाची किंमत वसूल झाली. मुद्दा नावामागे किती काम आहे, हा.

दानाची गोष्ट मोंढ्यात नवी नाही. जुन्या आडत बाजारात शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, कडता यांच्याबरोबर धर्मादाय नावाची कपात व्हायची. पैसा शेतकऱ्याचा जायचा, धर्मशाळेवर नाव शेठजींचे लागायचे. नियंत्रित बाजार समित्या आल्या आणि अशा कपातींना कायद्याने चाप बसला. हे जुने उणेदुणे काढायचे कारण इतकेच की लातूरच्या गंजगोलाईभोवती आणि नांदेडच्या मोंढ्यात जी संपत्ती जमली, तिच्यात तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या घराचा वाटा आहे. त्याच घरातला मुलगा आता क्लासची फी भरून दुसऱ्यांदा वाटा देतो.

आणि या मुलखात वेगळी परंपरा होतीच. किल्लारीच्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले सास्तूर आज ज्या लोहारा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली होती. निजामाच्या राज्यात शिक्षणाचे माध्यम उर्दू, खासगी शाळांवर बंधने, मराठी शाळा काढणे म्हणजे पोलिसांचा ससेमिरा. तरी लोकांनी धान्य गोळा करून अशा शाळा चालवल्या. व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथे मुख्याध्यापक म्हणून आले. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि मराठवाडा त्यांना स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखू लागला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली नांदेडला त्यांच्याच पुढाकाराने पीपल्स कॉलेज सुरू झाले. नरहर कुरुंदकर तिथे शिकवत होते, प्राचार्यही झाले. कॉलेजचे नावच पाहा. ना देणगीदाराचे, ना पुढाऱ्याचे. १९६१ साली लातूरला दयानंद शिक्षण संस्था निघाली. या संस्था निघाल्या तेव्हा त्यांच्या परिसरात दुसरे काही नव्हते. आलेल्या प्रत्येक मुलाला घेणे भागच होते. निवड करण्याची चैन नंतरची.

तुमच्यातले काही म्हणतील, दोन टक्क्यांचा कायदा आहे की. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ सांगते की ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावा. दालमिल भागीदारीत, क्लास मालकीचा, दवाखाना ट्रस्टचा, त्यामुळे तुमच्यातल्या बहुतेकांना हा कायदा लागत नाही. १९९३ साली तर तो कोणालाच लागत नव्हता.

मग मागणे काय आहे? भूकंप दर तीस वर्षांनी येत नाही, पण या दोन जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे गावे रिकामी होतात. जळकोट, अहमदपूर, मुखेड, कंधार, लोहा, किनवट इथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मूल घरी ठेवायला म्हातारे माणूस नसेल तर तेही ट्रॅक्टरवर चढते. शाळेचे पहिले सत्र संपते आणि हे मूल मार्च-एप्रिलपर्यंत फडात असते. मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळते, पहाटे भाकरी थापते. असे दोन-तीन हंगाम गेले की पटावर नाव राहते आणि मूल निघून जाते. लातूर पॅटर्नला हे मूल कधीच दिसणार नाही, कारण ते दहावीपर्यंत पोचत नाही. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही २०२१ पासून आहे. त्या वाईट नाहीत. अनुदान उशिरा येते, हंगाम मात्र वेळेवर सुरू होतो, या दोहोंच्या मधल्या फटीत मुले पडतात. तुम्हांला उधारीवर माल उचलून वेळेत पोचवण्याची सवय आहे. नेमकी तीच इथे हवी.

या मुलांना हंगामात गावातच ठेवण्यासाठी लातूरच्या आडत्यांनी जळकोट तालुका घ्यावा, नांदेडच्या मोंढ्याने मुखेड किंवा कंधार. नवी इमारत बांधू नका. गावात शाळेच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्याच असतात. क्लासवाल्यांनी शिक्षक द्यावेत, पण ‘गुणवंत’ निवडू नयेत. जेवढी मुले गावात राहतील तेवढी सगळी घ्यावीत, नापास होणाऱ्यांसकट. डॉक्टरांनी महिन्यातून एक दिवस द्यावा. आणि पहिल्या वर्षी घेतलेली मुले बारावी होईपर्यंत कोणी हात काढू नये, एवढे एकदा लेखी ठरवून घ्यावे. मुथ्थांनी १,२०० घेतली होती. तुम्ही दोन्ही शहरे मिळून तेवढ्यांपासून सुरुवात केलीत तरी चालेल.

मुकादमाची उचल पावसाळ्यातच वाटून होते, म्हणजे कोणते घर जाणार हे गावाला दसऱ्याच्या कितीतरी आधी कळते. मुलांची नावे प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकाला तोंडपाठ असतात, कारण दुसऱ्या सत्रात त्याच्याच हजेरीपटावर त्यांच्यापुढे रोज गैरहजेरी लागते. लातूरहून जळकोट किंवा नांदेडहून मुखेड गाडीने दोन तासांच्या आत येते. एखाद्या अमावास्येला, मार्केट बंद असताना, जाऊन ती यादी घेऊन यावी.

कळावे.